रानभाजी महोत्सवाला जाताय? काय चाखायचं, काय विचारायचं आणि पिशवीत काय घालायचं, जाणून घ्या

सोसायटीखाली येणाऱ्या भाजीच्या गाडीवर वर्षभर मिळणाऱ्या भाज्या मोजून बघा. मेथी, पालक, कोबी, फ्लॉवर, भेंडी, गवार, वांगी... दहा-बारा नावांनंतर यादी संपते. आता ही नावं वाचा. टाकळा, कुर्डू, फोडशी, कवला, भारंगी, दिंडा, तेरा, चाई, आघाडा, करटोली. यातल्या किती भाज्या तुम्ही खाल्ल्या आहेत? आणि समोर ठेवल्या तर किती ओळखता येतील?

या भाज्या सहसा कुणी पेरत नाही. पावसाच्या पहिल्या सरींनंतर माळावर, बांधावर, जंगलाच्या कडेला त्या आपोआप उगवतात आणि बहुतेकींचा कोवळेपणा काही आठवड्यांत संपतो. ऑगस्टमध्ये राज्यात ठिकठिकाणी भरणारे रानभाजी महोत्सव म्हणजे या सगळ्या भाज्या एका जागी बघण्याची, चाखण्याची आणि विकत घेण्याची संधी. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका तालुक्याच्या गावी भरलेल्या अशाच महोत्सवात दिवसभर फिरून, खाऊन आणि स्टॉलवरच्या मावशींना प्रश्न विचारून जे समजलं, ते इथे टप्प्याटप्प्याने देत आहोत.

हे महोत्सव भरवतं कोण आणि कधी?

राज्याचा कृषी विभाग आणि त्याच्या अखत्यारीतली कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा, म्हणजे 'आत्मा', गेल्या काही वर्षांपासून जिल्हा आणि तालुका पातळीवर हे महोत्सव भरवते. महिला बचत गट, शेतकरी गट आणि काही ठिकाणी स्वयंसेवी संस्थाही त्यात असतात. तारीख बहुतेक ९ ऑगस्टच्या आसपासची असते. हा जागतिक आदिवासी दिन. १९८२ मध्ये याच तारखेला आदिवासी समाजांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाची पहिली बैठक झाली होती. म्हणून १९९४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी हा दिवस जाहीर केला.

या तारखेला दुसरंही एक कारण आहे, ते पावसाचं. जूनच्या सुरुवातीला येणारं शेवळ तोवर संपलेलं असतं, पण करटोली भरात असतात आणि पालेभाज्याही बऱ्याच मिळतात. तुमच्या भागातली तारीख हवी असेल तर तालुका कृषी अधिकारी कार्यालयात किंवा गावच्या कृषी सहायकाकडे चौकशी करा. अनेक महोत्सव एकाच दिवसाचे असतात आणि दुपारी दोननंतर चांगला माल उरत नाही. त्यामुळे सकाळी दहाच्या आत पोहोचलेलं बरं.

सकाळ: आधी बघा, मग खा

मांडवात शिरल्यावर बहुतेकांची पावलं भज्यांच्या वासाकडे वळतात. तिकडे जायची घाई करू नका. आधी कच्च्या भाज्यांचे स्टॉल बघून घ्या. तिथे भाजी बऱ्याचदा मुळासकट किंवा कुंडीत ठेवलेली असते, शेजारी नावाचा फलक असतो आणि जिने ती रानातून आणली ती बाई समोर बसलेली असते. पान, देठ, खोड, फूल हे सगळं एकत्र बघायला मिळणं महत्त्वाचं आहे, कारण नुसत्या चिरलेल्या पानांवरून भाजी ओळखता येत नाही.

पहिला गोंधळ होतो तो नावांचा. कोकणातला टाकळा विदर्भात तरोटा होतो. फोडशीला कुणी कुळीची भाजी म्हणतं, तर कुणी कोळीची. करटोली कुठे कंटोळी असते, कुठे कर्टुली. उलटही घडतं. एकाच नावाने दोन गावांत दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. म्हणून फलकावर शास्त्रीय नाव असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर स्थानिक नाव हे टोपणनाव आणि शास्त्रीय नाव हा पार्ट नंबर. सुटा भाग मागवताना टोपणनावावर कुणी अवलंबून राहत नाही. खायच्या वस्तूच्या बाबतीत तर अजिबात राहू नये.

ओळखीसाठी काही सोप्या खुणा:

• टाकळा: पानं मेथीपेक्षा मोठी, गोलसर आणि जोडीजोडीने येणारी. संध्याकाळ झाली की पानं मिटतात. रस्त्याच्या कडेला भरपूर उगवतो. कोवळाच खायचा, फुलावर आला की राठ होतो.

• कुर्डू: माठाच्या कुळातला. शेतकऱ्यांच्या लेखी तण. पुढे त्याला पांढरट-गुलाबी तुरे येतात. तुरे येण्याआधीची कोवळी पानं भाजीला चांगली.

• फोडशी: लांबट, गवतासारखी किंवा कांद्याच्या पातीसारखी पानं. ही सफेद मुसळीच्या गोतावळ्यातली. बुडाचा पांढरा, टणक भाग काढून वरची पात घ्यायची.

• कवला: अगदी बारीक पानं, पुढे छोटी पिवळी फुलं. कास पठारावर पिवळा गालिचा दिसतो त्यात या गोतातली फुलं मोठ्या संख्येने असतात.

• करटोली: लहान, हिरवी, अंगावर मऊ काटे. कारल्याची नातलग, पण कडू नाही.

करटोली बाजारात इतकी महाग का, याचं उत्तर वनस्पतिशास्त्रात आहे. या वेलीत नर आणि मादी वेगवेगळे असतात. नर वेलीला फुलं येतात, फळं कधीच येत नाहीत, आणि फूल येईपर्यंत कोणता वेल कोणता हे कळत नाही. वेल जमिनीखालच्या कंदातून दरवर्षी पावसात फुटतो आणि झुडपांवर, काटेरी कुंपणांवर चढतो. म्हणजे फळं शोधायची, ती मादी वेलीवरच, आणि काढायची काट्यांत हात घालून. पावशेर करटोल्यांमागे इतका खटाटोप असतो.

दुपार: ताटात काय घ्यायचं?

शिजवलेल्या पदार्थांच्या रांगेत सगळं एकदम ताटात घेतलं तर पाचव्या घासाला सगळ्याची चव सारखीच लागते. सौम्य चवीकडून कडूकडे जायचं, हा साधा क्रम ठेवा.

सुरुवात फोडशीच्या भज्यांनी करा. कांद्याची पात आणि कोवळं गवत यांच्या मधली चव, बेसनात चांगली मुरते. मग करटोल्याच्या काचऱ्या. तेल, मोहरी, कांदा, हवं तर थोडं खोबरं, यापलीकडे तिला काही लागत नाही. त्यानंतर कुर्डूची मूगडाळ घालून केलेली भाजी. माठ खाणाऱ्याला ती परकी वाटणार नाही. मग टाकळा. त्याला किंचित तुरट-कडसर चव आणि स्वतःचा असा वास आहे. तो बऱ्याच घरांत डाळ आणि भरपूर कांदा घालून करतात. शेवटी भारंगी. उकडून, पिळून, वालाबरोबर शिजवली तरी तिचा कडूपणा थोडा उरतोच. तो उरायला हवा असं करणाऱ्या सांगतात.

भाकरी मात्र गव्हाच्या पोळीने बदलू नका. नाशिक-पालघरच्या डोंगराळ भागात नाचणीला नागली म्हणतात. नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी ही या भाज्यांची खरी जोडी. खुरासणी म्हणजे कारळे. त्यांच्या चटणीचा खमंग तेलकटपणा भाजीचा तुरटपणा झाकत नाही, तोलून धरतो. एखाद्या स्टॉलवर वरईचा भात किंवा केळीच्या पानात भाजलेली तांदळाची पानगी दिसली तर अर्धी-अर्धी वाटून घ्या, म्हणजे पोटात जागा राहील.

एक साधी गोष्ट लक्षात येते. यातल्या कुठल्याच भाजीत दहा मसाले नसतात. मिरची, लसूण, कांदा, मीठ, थोडी डाळ. ज्या भाजीची चव वर्षातून काही आठवडेच मिळते, ती मसाल्यात बुडवण्यात अर्थ नाही.

खाज का सुटते? कडू का लागतं?

इथे नीट लक्ष द्या. पेरलेल्या भाज्यांमधला कडूपणा, खाज, विषारीपणा माणसाने शेकडो वर्षं निवड करून कमी करत आणला. रानातल्या झाडावर तसा कुणी हात फिरवलेला नाही. किडीपासून, जनावरांपासून वाचण्यासाठी त्याने बाळगलेली रसायनं तशीच शाबूत आहेत. ती काढायची रीत ही पाककृतीचा भाग आहे. ती गाळली तर भाजी उरते, पण ती खाण्याजोगी राहत नाही.

अळू, तेरा, सुरण आणि शेवळ एकाच कुळातले. त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते जिभेला, घशाला टोचतात, म्हणून खाज सुटते. या भाज्यांत चिंच, कोकम किंवा काकड नावाचं आंबट रानफळ घालतात ते नुसत्या चवीसाठी नाही. ही खाज कमी करण्याचा तो पिढ्यान् पिढ्या चालत आलेला उपाय आहे. शेवळाच्या तर आतला पिवळा भाग काढून टाकायचा असतो, हे माहीत नसलेल्याने ते घरी आणूच नये.

बांबूच्या कोंबांचा, म्हणजे वास्त्यांचा, मामला आणखी गंभीर. कच्च्या कोंबात असं द्रव्य असतं की ज्यापासून सायनाइड तयार होतं. कोंब बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी फेकून दिलं की ते निघून जातं. भारंगी उकडून पिळायची ती कडूपणा उतरवण्यासाठी. काही रानकंद तर चकत्या करून, राखेसोबत उकडून, वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय आदिवासी घरांतही कुणी तोंडात घालत नाही.

म्हणून स्टॉलवर भाजी घेताना भाव विचाराल तसे हे तीन प्रश्न विचारा:

• यातला कोणता भाग खायचा आणि कोणता टाकायचा?

• आधी उकडून पाणी टाकायचं का?

• यात आंबट काय घालायचं?

उत्तरं फोनवर रेकॉर्ड करून ठेवायची असतील तर आधी परवानगी विचारा. बहुतेक मावशी आनंदाने सांगतात. एका मावशींनी तर भारंगी किती पिळायची ते हाताच्या मुठीनेच दाखवलं. हे कुठल्या रेसिपीच्या व्हिडिओत मिळत नाही.

स्वतः तोडून आणली तर चालेल का?

महोत्सवातून परतताना रस्त्याच्या कडेला तीच पानं दिसतात आणि मोह होतो. तो आवरा. फोटोवरून वनस्पती ओळखणारी ॲप्स अंदाज सांगतात, खात्री देत नाहीत. पावसाळ्यात त्याच झाडोऱ्यात कळलावी असते. फूल अतिशय देखणं, पण सगळी वनस्पती, विशेषतः कंद, विषारी. धोत्राही तिथेच असतो.

अळंब्यांबाबत तर एकच नियम: ओळखणाऱ्या माणसाने स्वतः तोडलेली आणि तो स्वतः खातो अशीच अळंबी खा. चांदीचा चमचा काळा पडला नाही म्हणजे अळंबी चांगली, किंवा किड्यांनी खाल्ली म्हणजे बिनविषारी, या समजुतींवर विसंबून राहणं जिवावर बेतू शकतं. शिवाय हमरस्त्यालगतच्या, नाल्याकाठच्या आणि तणनाशक मारलेल्या शेताच्या बांधावरच्या भाज्या ओळखीच्या असल्या तरी घेऊ नयेत.

'औषधी' पाटीवर किती विश्वास ठेवायचा?

जवळपास प्रत्येक स्टॉलवर 'मधुमेहावर गुणकारी', 'मुतखड्यावर रामबाण' अशा पाट्या दिसतात. पालेभाजी म्हणून या भाज्या पौष्टिक आहेत, यात वाद नाही. लोह, कॅल्शियम, तंतुमय पदार्थ आणि जीवनसत्त्वं त्यांतून मिळतात. घोळीसारख्या भाजीत वनस्पतींत मिळणारं ओमेगा-३ सुद्धा असतं. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते, तिथे आठवड्यातून दोनदा ताटात नवी भाजी आली तर चांगलंच. पण भाजी ही भाजी आहे, गोळीला पर्याय नाही.

काहींनी जास्त जपायला हवं. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी घोळ, अळू यांसारख्या ऑक्झलेट जास्त असलेल्या भाज्या डॉक्टरांना विचारून खाव्यात. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिनसारखी गोळी सुरू असेल तर पालेभाज्यांचं प्रमाण अचानक वाढवू नये, कारण त्यांतल्या 'के' जीवनसत्त्वाचा त्या गोळीवर परिणाम होतो. गरोदर महिलांनी आणि लहान मुलांच्या पालकांनी नव्या रानभाजीचा प्रयोग टाळलेलाच बरा. बाकीच्यांनीही पहिल्यांदा खाताना दोन-चार घासच खावेत.

घासाघीस करण्यापूर्वी हा हिशेब बघा

वीस रुपयांची जुडी पंधराला मागणारे महोत्सवातही भेटतात. एक ढोबळ हिशेब मांडू. समजा एका बाईने ४० जुड्या आणल्या. आदल्या दिवशी रानात हिंडायला ५ तास, निवडून जुड्या बांधायला २ तास, दुसऱ्या दिवशी प्रवास आणि विक्रीत ९ तास. एकूण १६ तास. सगळ्या जुड्या २० रुपयांनी गेल्या तर ८०० रुपये. प्रवास आणि चहापाण्याचे १०० वजा केले तर उरले ७००. म्हणजे तासाला सुमारे ४४ रुपये. आता प्रत्येकाने पाच-पाच रुपये कमी केले तर हातात राहतात ५००, तासाला ३१ रुपये. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तो या हिशेबातला मोठा दिलासा. पण न विकलेली जुडी दुसऱ्या दिवशी टाकून द्यावी लागते, हे नुकसान यात धरलेलंच नाही.

महोत्सवाचा खरा फायदा इथे आहे. एरवी हीच भाजी दोन-तीन हातांतून शहरात येते. इथे पैसे थेट तोडणारीच्या हातात पडतात. त्यामुळे सुटे पैसे घेऊन जा. गावात रेंज नसेल तर यूपीआयच्या भरवशावर राहून चालत नाही.

मग रानभाज्या कमी का होतायत?

कुर्डू, तांदुळजा, टाकळा या शेतकऱ्याच्या दृष्टीने तणंच. पूर्वी निंदणी करताना बायका ती उपटायच्या आणि त्यातलं खाण्याजोगं ओच्यात भरून घरी न्यायच्या. निंदणीची मजुरी वाचवण्यासाठी तणनाशक आलं आणि ही भाजी शेतातून उठली. मजूर मिळत नाहीत ही शेतकऱ्याची अडचणही खोटी नाही. पण एका फवारणीत तणाबरोबर कुणाची तरी संध्याकाळची भाजी जाते, हे खरं.

दुसरं कारण थोडं अवघड आहे, कारण त्यात आपणही येतो. मागणी वाढली की तोड वाढते. पान खुडलं तर झाड पुन्हा फुटतं. कंद उपटला तर पुढच्या पावसात तिथे काहीच उगवत नाही. फोडशी, करटोली, चाई या सगळ्या जमिनीखालच्या मुळांच्या, कंदांच्या जोरावर परततात. म्हणून मुळासकट उपटलेल्या जुडीऐवजी खुडलेली जुडी घ्या. घेणाऱ्याने असं निवडायला सुरुवात केली की तोडणाऱ्यालाही जपून तोडणं परवडतं.

या रानावर हक्क कुणाचा, हा प्रश्नही याला जोडलेला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने कंद, मुळं, औषधी वनस्पती, बांबू यांसारखं गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क पारंपरिक वननिवासींना दिला. गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) हे असा सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. जिथे ग्रामसभेला हक्क मिळतो, तिथे किती तोडायचं आणि कधी थांबायचं हेही तीच ठरवू शकते. बियाणं जपण्याचं काम काय उंची गाठू शकतं, ते अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी दाखवलं. देशी वाणांच्या त्यांच्या बियाणे बँकेची दखल घेऊन २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

संध्याकाळ: घरी काय आणायचं?

पालेभाजी एक-दोन दिवसांत संपेल इतकीच घ्या. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, ओलसर सुती कापडात गुंडाळा. पहिल्यांदाच जात असाल तर टाकळा, कुर्डू आणि करटोली या तीन भाज्या घ्या. ओळखायला सोप्या, करायला सोप्या. शेवळ, वास्ते, रानकंद हे माहीतगाराच्या हातचंच खा. पिशवीत जागा असेल तर नागलीचं पीठ, वरई, खुरासणी घ्या. ते टिकतं आणि भाजीचा हंगाम संपल्यावरही गटांना त्यातून उत्पन्न मिळत राहतं. जिच्याकडून भाजी घेतली त्या मावशींच्या गावचा आठवडी बाजार कोणत्या वारी असतो तेही विचारून घ्या. महोत्सव एका दिवसाचा असतो, बाजार दर आठवड्याला भरतो.

महोत्सवानंतर काही आठवड्यांत गणपती येतात आणि दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, हा त्या दिवसाचा नियम. म्हणून नांगर न लावता उगवलेल्या, परसातल्या आणि रानातल्या भाज्या एकत्र करून ऋषीची भाजी होते. शहरात आता तिचं निवडून-चिरून ठेवलेलं तयार पाकीटच मिळतं. यंदा ते पाकीट घेण्याआधी भाजीवालीला विचारून बघा, यात काय काय घातलंय? तिने सांगितलेल्या नावांपैकी दोन-तीन जरी तुम्हाला पानावरून ओळखता आली, तरी महोत्सवातला दिवस कारणी लागला म्हणायचं.